हातोडी, मण्यार आणि चेतातंतूचे टोक

इंटर्नशिपच्या काळात कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात माझी रात्रपाळी असे. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचे, म्हणजे आमच्या बोलीत ‘मॅगसल्फ’चे, इंजेक्शन दर चार तासांनी दिले जाई आणि प्रत्येक डोसआधी तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारून पाय उडतो की नाही ते पाहावे लागे. तिथल्या ज्येष्ठ सिस्टर या बाबतीत फार कडक होत्या. “पाय उडाला का? श्वास मोजलात का? पिशवीत लघवी किती आहे?” या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या सिरिंज भरू देत नसत. शेजारच्या ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी कायम हाताशी ठेवलेली असे. पाय उडेनासा झाला आणि श्वासही मंदावू लागला, तर ती फोडायची, एवढे मला पाठ होते.

मॅग्नेशियम वाढले की पाय का उडत नाही आणि त्यावर उतारा म्हणून नेमके कॅल्शियमच का, हा प्रश्न त्या रात्रींत मला पडला नाही, हे कबूल करायला हवे. पुढे शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागल्यावर कळले की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये १९५०च्या दशकात बेडकाच्या स्नायूवर जो प्रयोग झाला, त्याचेच एक रूप आम्ही त्या खाटेपाशी रोज पाहत होतो. झटके थांबण्यामागची कारणे बरीचशी मेंदूतली आणि वेगळी आहेत. पाय उडण्याचे थांबणे मात्र मोठ्या प्रमाणात चेतातंतूच्या टोकाशी असलेल्या अतिसूक्ष्म पुटिकांशी जोडलेले आहे, आणि या लेखाचा विषय त्या पुटिकाच आहेत.

चेतातंतू स्नायूला जिथे भेटतो तिथे दोघांच्या मध्ये एक फट असते. तंतूतून आलेला विद्युत आवेग ही फट ओलांडू शकत नाही. ओलांडते ते अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन. हे रसायन तंतूच्या टोकात सुटे पसरलेले नसते. सुमारे ४० ते ५० नॅनोमीटर व्यासाच्या, मेदपटलाच्या इवल्याशा पिशव्यांत ते भरून ठेवलेले असते आणि अशा एका पिशवीत त्याचे काही हजार रेणू मावतात. या पिशव्यांना पाठ्यपुस्तकात पुटिका म्हणतात. वर्गात मी त्यांना पुड्या म्हणते. वाण्याने सुटा माल द्यायचा नाही, द्यायचा तर बांधलेली अख्खी पुडीच द्यायची, असा नियम केला तर गिऱ्हाइकाला एक, दोन किंवा दोनशे पुड्या मिळतील, पण दीड पुडी कधीच मिळणार नाही.

हा नियम शोधणारा माणूस म्हणजे बर्नार्ड कॅट्झ. जन्म १९११ सालचा, जर्मनीतल्या लाइप्झिग शहरातला. ज्यू असल्यामुळे १९३५ साली देश सोडून त्याने इंग्लंड गाठले. १९५०च्या सुमारास पॉल फॅट आणि तो बेडकाच्या स्नायूत काचेचे अतिबारीक इलेक्ट्रोड खुपसून विद्युतदाब मोजत असताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. तंतूला कोणतीही उत्तेजना दिलेली नसताना, सगळे स्वस्थ असताना, पडद्यावर मधूनच अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासची एक लहानशी उसळी येई, विरून जाई, आणि थोड्या वेळाने तेवढीच दुसरी येई. कोणालाही आधी उपकरणाचाच संशय आला असता. परंतु या उसळ्या फक्त तंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथेच दिसत, आणि क्युरारे हे बाणांना लावायचे विष घातले की नाहीशा होत. म्हणजे हा यंत्राचा खरखराट नव्हता. टोकातून आपोआप, कोणी न मागता, एखादी पुडी निसटत होती.

यानंतरचा प्रयोग मला सगळ्यात सुंदर वाटतो. कॅट्झ आणि होसे देल कास्तियो यांनी स्नायू ज्या द्रावात ठेवला होता त्यातले कॅल्शियम कमी केले आणि मॅग्नेशियम वाढवले. एरवी एका आवेगासरशी शंभर-दोनशे पुड्या एका दमात सुटतात, त्यामुळे त्या वेगवेगळ्या मोजता येत नाहीत. मॅग्नेशियमने वाट अडवल्यावर सुटणाऱ्या पुड्या इतक्या कमी झाल्या की पायऱ्या दिसू लागल्या: एका आवेगाला काहीच नाही, दुसऱ्याला एका लहान उसळीएवढा प्रतिसाद, तिसऱ्याला बरोबर तिच्या दुप्पट. हे १९५४ सालचे काम. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तंतूच्या टोकात दाटीने भरलेल्या पुटिका दिसू लागल्या त्याही जवळपास त्याच काळात, आणि विद्युतमापनातून निघालेला हिशेब डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूशी जुळला. कॅट्झला १९७० साली नोबेल मिळाले.

प्रसूतिकक्षातली ती बाई आणि कॅट्झचा बेडूक यांच्यातला दुवा तो हाच. मॅग्नेशियम टोकावरची कॅल्शियमची दारे अडवते आणि कॅल्शियम आत आले नाही तर पुडी सुटत नाही. रक्तातले मॅग्नेशियम नेहमीच्या चार-पाच पट झाले की गुडघा बोलेनासा होतो. त्याहून चढले तर श्वासाचे स्नायूही. सिस्टरांची हातोडी एका अर्थाने पुड्याच मोजत होती, आणि ट्रेमधल्या कुपीत ती अडवलेली दारे पुन्हा वाहती करण्याचा उपाय होता.

आता मुख्य प्रश्नाकडे येते: पुटिका नेमक्या क्षणी सुटते कशी आणि एरवी थांबून राहते कशी? तंतूच्या टोकात हजारो पुटिका तयार असतात, त्यांतल्या काही तर पटलाला अक्षरशः टेकून बसलेल्या असतात. आवेग आल्यापासून सुटका होईपर्यंतचा वेळ एका मिलिसेकंदाहूनही कमी, आणि कॅल्शियम आत शिरल्यानंतरचा वेळ तर त्याच्याही एका लहानशा अंशाएवढाच. एवढ्या वेळात पुटिका कुठून तरी आणणे, जागेवर लावणे, जोडणे यांपैकी काहीही शक्य नाही. तेव्हा जे काही करायचे ते आधीच करून ठेवलेले असले पाहिजे. म्हणूनच माझ्या मते पुटिका सोडण्याच्या नियमनाचे खरे मर्म त्यांना रोखून धरण्यात आहे. बहुतेक विद्यार्थी उलट समजतात. त्यांच्या वहीत ‘कॅल्शियम येते, पुटिका फुटते’ असा बाण काढलेला असतो आणि जे अवघड आहे ते सगळे त्या बाणाच्या आधी घडून गेलेले असते.

दोन मेदपटले आपखुशीने एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांना जवळ दाबून धरणारे बळ लागते. ते बळ पुरवणारी तीन प्रथिने आहेत. पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिन, आणि समोरच्या पटलावर सिन्टॅक्सिन व स्नॅप-२५. पहिल्या दोघांचा एकेक पेड आणि तिसऱ्याचे दोन, असे चार पेड एकमेकांभोवती गुंफले जातात. चारपेडी वेणी घालताना जसा प्रत्येक वेढ्यागणिक पीळ घट्ट होत जातो, तशी ही वेणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आवळत जाते आणि त्या दुसऱ्या टोकाशी बांधलेली दोन पटले जवळ, आणखी जवळ ओढली जातात. ही गुंफण स्वतःहून पूर्ण होऊ दिली तर पुटिका वाटेल तेव्हा फुटतील. म्हणून वेणी अर्ध्यावर आणून थांबवलेली असते.

थांबवण्याचे हे काम एकट्या प्रथिनाचे नाही. मंक-१८ हे प्रथिन सिन्टॅक्सिनला धरून ठेवते आणि योग्य वेळी गुंफणीला आधारही देते. ज्या उंदरांत ते नसते त्यांच्या मेंदूची घडण आधी ठीक होते, पण एकही पुटिका सुटत नाही. मंक-१३ हे पुटिकेला ‘सज्ज’ अवस्थेत आणते. या दोन्ही नावांचा उगम सिडनी ब्रेनर यांनी अभ्यासलेल्या एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत आहे: ज्या कृमींना धड वळवळता येत नसे त्यांच्या उत्परिवर्तनांना त्यांनी ‘विसंगत हालचालीचे’ या अर्थाच्या शब्दावरून नावे आणि क्रमांक दिले आणि त्यांतलेच हे तेरा आणि अठरा. कॉम्प्लेक्सिन नावाचे एक छोटे प्रथिन अर्धवट वेणीला आडवे बिलगते. ते कितपत अडवते आणि कितपत मदत करते यावर प्रयोगशाळांत अजून वाद चालू आहेत. दोन्ही करत असावे, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी आहे.

आणि मग सिनॅप्टोटॅग्मिन. थॉमस झ्यूडहॉफ यांच्या प्रयोगशाळेने १९९०च्या सुमारास हे प्रथिन ओळखले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत कॅल्शियम ओळखणारा तो हाच, हे सिद्ध केले. त्यातला निर्णायक पुरावा मोठा चतुर आहे. प्रथिन काढून टाकले की वेगवान सुटका बंद पडते, हे १९९४ साली दिसले होते. पण एखादी गोष्ट काढल्यावर काम बंद पडले म्हणजे ते काम तीच करत होती असे ठरत नाही. म्हणून त्यांनी प्रथिन जागेवरच ठेवून त्यात फक्त एक अमिनो आम्ल बदलले, ज्याने त्याची कॅल्शियमबद्दलची ओढ साधारण निम्म्यावर आली. सुटकेची कॅल्शियमबद्दलची संवेदनशीलताही तेवढीच उतरली. २०१३ साली झ्यूडहॉफ, जेम्स रॉथमन आणि रँडी शेकमन या तिघांना नोबेल मिळाले.

कॅल्शियमच का, याचे उत्तर आकड्यांत आहे. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असते. पेशी ते सतत बाहेर फेकत राहते. आत इतकी टंचाई असल्यामुळे दार क्षणभर जरी उघडले तरी दाराच्या तोंडाशी प्रचंड फरक पडतो, आणि सज्ज पुटिका दारापासून काही दशक नॅनोमीटरांवरच बांधून ठेवलेल्या असतात. दार मिटले की तो ढग लगेच विरतो. शिवाय हे नाते सरळ प्रमाणाचे नाही: १९६७ साली डॉज आणि रहामिमॉफ यांनी दाखवले की सुटका साधारणपणे कॅल्शियमच्या चौथ्या घाताने वाढते. कॅल्शियम दुप्पट, तर सुटका सोळा पट. थोड्याशा गळतीने काही होऊ नये आणि खरा आवेग आला की पूर्ण काम व्हावे, यासाठी याहून चांगली मांडणी सुचणे कठीण आहे.

या चौथ्या घाताचा प्रत्यय मी एकदा बाह्यरुग्ण विभागात घेतला आहे. एका आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे टोकावरच्या कॅल्शियमच्या दारांवर हल्ला करतात. हात-पाय दुबळे होतात आणि हातोडीला गुडघा उत्तर देत नाही. आमच्या सरांनी अशा एका काकांना मांडीचा स्नायू दहा सेकंद जीव खाऊन ताणायला सांगितले आणि लगेच हातोडी मारली. पाय उडाला. उरलीसुरली दारे पुन्हा पुन्हा उघडल्याने आत थोडे थोडे कॅल्शियम साचले होते आणि मूळ मात्रा कमी असली तरी त्या साचलेल्याने सुटका वाढली. मिनिटाभराने गुडघा पुन्हा गप्प. काकांनी विचारले, “हे रोज असं करत राहिलो तर?” सर फक्त हसले.

मेंदूत एक चेतापेशी दुसरीला जिथे भेटते त्या संधींवर तर आवेग आला तरी पुटिका सुटेलच याची हमी नसते. अनेक ठिकाणी बहुतेक वेळा काहीच सुटत नाही. ही शक्यता कमी-जास्त करणे हे मेंदूच्या नियमनाचे एक मोठे साधन आहे. पण त्यात शिरले तर हा लेख संपणार नाही.

वेणी एकदा पूर्ण आवळली गेली की ती उकलावीही लागते, नाहीतर पेड पुढच्या वेळी वापरता येत नाहीत. हे काम रॉथमन यांनी शोधलेले एनएसएफ हे प्रथिन ऊर्जा खर्च करून करते. आणि इथे मुंबईचा संबंध येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारणारे ओबेद सिद्दिकी यांनी सीमूर बेंझर यांच्यासह १९७६ साली फळमाशीच्या काही उत्परिवर्तनांचे वर्णन केले. या माश्या नेहमीच्या तापमानाला ठीक असत आणि उष्णता वाढवली की लुळ्या पडत. त्यांतल्या एका प्रकाराचे नाव ‘कोमाटोज’. ही माशी नेमकी कशामुळे निपचित पडते याचे उत्तर मिळायला जवळजवळ दोन दशके लागली: तिच्यात बिघडले होते ते एनएसएफच. उष्णतेत वेण्या उकलत नव्हत्या आणि टेकून बसलेल्या पुटिका तशाच अडकून पडत होत्या. सिद्दिकी २०१३च्या जुलैत वारले. नोबेलची घोषणा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली.

ही यंत्रणा प्रयोगशाळांनी उलगडली तशी विषांनीही उलगडली. विषे तर आपल्या ओळखीचीच आहेत. लोखंड लागले की आपण धनुर्वाताचे इंजेक्शन घेतो. या रोगाचे विष म्हणजे एक कातरी आहे, जी सिनॅप्टोब्रेव्हिनचा पेड एका ठरावीक जागी कापते. १९९२ साली हे उघड झाले. बोट्युलिनमच्या विषाचा ‘ब’ प्रकार तोच पेड अगदी त्याच जागी कापतो. कापणी तीच, परिणाम मात्र उलटे. बोट्युलिनमचे विष स्नायूपाशीच थांबते आणि पुड्या बंद करून माणसाला लुळा करते. धनुर्वाताचे विष तंतूतून उलटे चढत पाठीच्या कण्यापर्यंत जाते आणि तिथल्या आवर घालणाऱ्या पेशींच्या पुड्या बंद करते. आवर सुटलेले स्नायू मग एकदम आवळतात आणि देह धनुष्यासारखा मागे वाकतो. रोगाचे नाव ठेवणाऱ्यांनी नीट पाहिले होते. (शहरांतल्या दवाखान्यांत कपाळाच्या सुरकुत्या घालवायला टोचतात तो बोट्युलिनमचा ‘अ’ प्रकार, तो स्नॅप-२५ कापतो. तीन-चार महिन्यांनी सुरकुत्या परत येतात, कारण पेशी नवे प्रथिन आणि नवे जोड तयार करते.)

कोकणातल्या लाल विंचवाचे विष याच्या अगदी विरुद्ध. ते चेतातंतूची सोडियमची दारे मिटू देत नाही, आवेगांमागून आवेग येत राहतात आणि पुटिकांतली अ‍ॅड्रेनलिनच्या कुळातली रसायने शरीरात अक्षरशः ओतली जातात. अंग थंडगार, घामाने निथळलेले, रक्तदाब चढलेला आणि पुढे फुप्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवला, त्याने असंख्य जीव वाचले. ती गोळी सुटका थांबवत नाही. सुटून गेलेले रसायन रक्तवाहिन्यांवर जिथे जाऊन बसते, ती जागा ती अडवते.

मण्यार मात्र ना अडवते ना ओतते. ती टोकच उद्ध्वस्त करते. तिच्या विषातला एक घटक आधी पुटिका रिकाम्या करतो आणि नंतर तंतूचे टोकच मोडून पडते. पावसाळ्यातल्या एका पहाटे एका तिशीतल्या शेतमजुराला रुग्णालयात आणले होते. तो जमिनीवर झोपलेला, रात्री पोटात कळ आली म्हणून उठला. चावल्याची खूण नाही, सूज नाही. आधी पापण्या जड झाल्या, मग बोलणे घोगरे, मग लाळ गिळता येईना. सर्पदंशाची लस दिली, नीओस्टिग्मिनही देऊन पाहिले. लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. मोडलेले टोक तिला जोडता येत नाही. नीओस्टिग्मिन सुटलेल्या रसायनाला जास्त वेळ टिकवते. इथे सुटायलाच काही उरले नव्हते. मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंतच्या रस्त्यावर त्याचा भाऊ आणि मी आळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची रबरी पिशवी, दाबत होतो. तो पूर्ण शुद्धीवर होता, फक्त ते दाखवण्याचे एकही साधन त्याच्याकडे उरले नव्हते. हे सिस्टरांना ठाऊक होते, म्हणून निघताना त्या त्याच्या कानाशी वाकून, “दादा, ऐकू येतंय ते माहीत आहे आम्हाला, घाबरू नका,” असे मोठ्याने म्हणाल्या होत्या.

अशा वेळी करण्यासारखे एकच उरते: तंतूला नवे टोक फुटेपर्यंत यंत्राने श्वास देत राहणे. माझी ड्यूटी नसतानाही मी त्याला पाहायला जात होते आणि खिशातली हातोडी दर खेपेस त्याच्या गुडघ्यावर मारत होते. चौथ्या दिवशी उजवी पापणी किंचित उचलली गेली. सातव्या दिवशी, चादरीखाली, पाय उडाला.